रजेचा अर्ज आणि व्हॉट्सअ‍ॅपचा अंगठा

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी नाशिकला एका डिस्ट्रिब्यूटरच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. गोडाऊन धरून ३५ जण आहोत, एचआर असं कोणी नाहीये त्यामुळे पगार, हजेरी, रजा सगळं माझ्याच गळ्यात. मागच्या महिन्यात गोडाऊनच्या एका मुलाने सुपरवायझरला व्हॉट्सअ‍ॅप केलं, 'दोन दिवस गावी जातोय', त्यांनी अंगठ्याचा इमोजी टाकला. माझ्याकडे अर्जच आला नाही म्हणून मी दोन दिवसांचा पगार कापला, तर केवढं भांडण झालं! आता शेठ म्हणतात पॉलिसी आणि प्रोसिजर दोन्ही लिहून आण. दोन्ही एकच ना? नेटवरून २८ पानांची फाइल उतरवलीये, चालेल?

उत्तर : एकच नाहीत, आणि तुमचं भांडण त्यातूनच झालंय बघा. मराठीत अंगठा दाखवणे म्हणजे काय हे सांगायला नको, त्या पोराला तो अर्थ पगाराच्या दिवशी कळला.

पॉलिसी म्हणजे शेठनी एकदा ठरवलेली गोष्ट, कुणाला काय मिळणार आणि काय चालणार नाही. त्यावर सही शेठचीच पाहिजे, तुमची नाही. आणि तेही सगळंच मनाने ठरवता येत नाही, महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात वर्षाला ८ सीएल, म्हणजे कॅज्युअल लीव्ह किंवा किरकोळ रजा, पगारी दिलेल्याच आहेत, शिवाय सणावाराच्या ८ पगारी सुट्ट्या, त्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ठरलेल्या, उरलेल्या चार मालक-कामगारांनी मिळून ठरवायच्या. तुमची पॉलिसी याच्या वर जाऊ शकते, खाली नाही.

प्रोसिजर म्हणजे ती रजा हातात पडेपर्यंतची वाट. अर्ज कुणाकडे, किती दिवस आधी, सुपरवायझर सुट्टीवर असले तर मंजूर कोण करणार, अचानक ताप आला तर फोन चालेल का, रजिस्टरला कोण चढवणार. तुमच्याकडे नेमकं हेच लिहिलेलं नव्हतं. सुपरवायझरला वाटलं आपण हो म्हटलं म्हणजे झालं, तुम्हाला वाटलं कागद नाही म्हणजे रजा नाही, आणि मधल्यामध्ये पैसे गेले त्याचे. हे मला पटत नाही, वाट तुम्ही दाखवली नव्हती तर चुकला म्हणून दंड कसला?

दोन्ही वेगवेगळ्या कागदांवर ठेवा. उद्या अर्ज अ‍ॅपवर घ्यायचे ठरले तर फक्त प्रोसिजरचं पान बदलायचं, रजा किती हे परत उकरून काढायला नको.

एका ठिकाणी मात्र प्रोसिजरही आपल्या हातात नसते. २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. १० किंवा जास्त माणसं असली की अंतर्गत समिती लागतेच, अध्यक्ष बाई, निम्म्या तरी सदस्य बायका, एक सदस्य बाहेरचा, तक्रार साधारण ३ महिन्यांत करायची, चौकशी ९० दिवसांत संपवायची. 'आधी शेठकडे या, आपसात मिटवू' असं लिहूच नका.

ती २८ पानं बाजूला ठेवा, तुमच्या गोडाऊनशी त्यांचा काय संबंध? रजेचं एक पान पॉलिसीचं, एक प्रोसिजरचं, मराठीत, आणि हजेरीच्या मशीनशेजारी चिकटवा. सुपरवायझरना आधी बसवून समजवा. आणि त्या मुलाची सीएल शिल्लक असेल तर ते दोन दिवस त्यात घालून कापलेले पैसे या पगारात परत द्या.