डंपवरच्या झाडांखाली पाचोळ्याचा जाड थर साचलाय, म्हणजे माती तयार होतेय का?

तुम्ही विचारलंय की गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणीच्या एका जुन्या डंपवर, म्हणजे खाणीतून उपसून टाकलेल्या माती-दगडांच्या ढिगावर, आकेशिया (ऑस्ट्रेलियन बाभूळ) उंच वाढलाय, खाली घोटाभर पाचोळा आहे, तर जंगल परत आलं म्हणायचं का. माझ्या मते नाही. पाचोळा साचतोय याचा अर्थ तो कुजत नाहीये, आणि जे कुजत नाही त्यातलं झाडाला परत काही मिळत नाही.

मी डंपांवरच्या झाडोऱ्याच्या नोंदी ठेवतो. तिथे गेलं की मी वर बघायच्या आधी पाचोळ्यात हात घालतो. शेजारच्या धड जंगलात, किंदळ आणि माट्टीच्या झाडांखाली, वर अख्खी पानं, खाली चाळणी झालेली, त्याखाली काळा भुसभुशीत चुरा आणि मग माती असते. कुठला थर कुठे संपला ते कळत नाही, कारण गांडुळं आणि वाळवी सगळं कालवत असतात. उन्हाळ्यात गळलेलं बरंचसं पान पुढचा पावसाळा सरेपर्यंत दिसेनासं होतं. डंपवर मात्र अनेकदा पानांखाली थेट लाल खडी लागते, मध्ये काहीच नाही.

असं का होतं? गोव्यात एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती-दगड उपसून टाकावे लागतात. हा माल खोलातून आलेला असतो, त्यात नत्र (नायट्रोजन) जवळजवळ नसतंच. आकेशिया लावला तो उतार लवकर धरावा म्हणून, आणि ते काम त्याने केलं. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्रही आणतात. पण त्याचं पान म्हणजे खरं तर चपटा झालेला देठ, चिवट आणि जाड. शिवाय कुठलंही झाड पान टाकण्याआधी त्यातलं साधारण निम्मं नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) परत ओढून घेतं, स्फुरद कमी असलेल्या जमिनीत तर जास्तच. हवेतून नत्र मिळवता येतं, स्फुरद नाही. जांभ्या मातीत जे थोडं असतं तेही लोह आणि ॲल्युमिनियम घट्ट धरून ठेवतात. म्हणून खाली पडतं ते स्फुरद काढून घेतलेलं, कडक पान.

पुढे प्रत्येक द्रव्याची गती वेगळी. पालाश (पोटॅशियम) पहिल्याच पावसात धुऊन जातं. नत्र पानाच्या रचनेत अडकलेलं असतं, आणि पानात कर्बाच्या मानाने ते फारच कमी असलं तर कुजवणारी बुरशी ते सोडण्याऐवजी उलट आजूबाजूचंच ओढून घेते. (उन्हाळ्यात वणवा लागला तर नत्र धुरात जातं आणि राखेतलं बाकीचं पहिल्या सरींत डंपवरून खाली, बहुतेक कुणाच्या तरी शेतात.)

दोष सगळा आकेशियाचा नाही. पान खाणारे जीवच तिथे पोचलेले नसतात. नागपूर जिल्ह्यातल्या गुमगाव मँगनीज खाणीच्या डंपवर नीरीने (नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) झाडं लावताना साखर कारखान्यातला प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेली मळी, आणि मुळांना स्फुरद मिळवून देणाऱ्या बुरशा, नत्र बांधणारे जिवाणू असं सगळं एकत्र घातलं होतं. मला ही दिशा पटते. आकेशिया एकदम तोडू नका, उतार सुटेल. मधूनमधून विरळ करून शिवण, जांभूळ, करंज लावा. करंजाचा पाला हिरवळीचं खत म्हणून वापरतातच. आणि प्रत्येक खड्ड्यात जवळच्या जंगलातली ओंजळभर माती. बहावा सुंदर दिसतो, शेंगाही धरतो, पण त्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत, त्याच्यावर ती आशा ठेवू नका.

खात्री करायची असेल तर मिरगाच्या आधी नायलॉनच्या जाळीच्या पिशव्या घ्या, भोकं गांडूळ शिरेल एवढी. काहींत मोजून वाळलेला आकेशियाचा पाला भरा, काहींत करंजाचा. दोन्ही प्रकार डंपवर ठेवा आणि जवळच्या जंगलातही. दिवाळीनंतर काढून, माती झटकून, वाळवून वजन करा. करंज जंगलात संपला आणि डंपवर तसाच राहिला, तर अडचण जमिनीतल्या जीवांची. आकेशिया दोन्हीकडे शिल्लक राहिला आणि करंज दोन्हीकडे संपला, तर अडचण पानाची, आणि मग आधी झाडं बदलायला लागतील.