मुलाखतीचे कपडे : सूट नको, शिंपी गाठा

नोकरीच्या मुलाखतीला काय घालावं, याबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. त्यांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. अत्तर किती मारावं, दाढी ठेवावी की नाही, हे विचारणाऱ्यांना एका ओळीत उत्तर : अत्तर नको, दाढी असेल तर कोरलेली हवी.

प्रश्न : बी.कॉम. झालो आहे. पुण्यात एका खासगी बँकेत मुलाखत आहे. घरचे म्हणतात सूट शिव. माझ्याकडे तीन हजारांच्या वर पैसे नाहीत. (बार्शी)

सूट शिवू नका. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला कोट घालून गेलात तर समोरच्या मॅनेजरपेक्षा तुम्हीच जास्त नटलेले दिसाल, आणि कोटाची सवय नसली की माणूस खुर्चीत अवघडून बसतो. पांढरा किंवा फिका निळा फुल बाह्यांचा शर्ट, गडद निळी किंवा राखाडी पँट, पट्टा आणि बूट एका रंगाचे. टायची गरज नाही.

पैसे कापडाच्या नावावर घालवू नका, बेतावर, म्हणजे कपडा अंगाला नीट बसण्यावर घाला. शर्टाची खांद्यावरची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. ती दंडावर उतरली की शर्ट मोठ्या भावाचा वाटतो. कॉलरचं बटण लावल्यावर आत दोन बोटं सहज जावीत. बाही मनगटाच्या हाडाशी संपावी. पँटचं माप बूट घालूनच द्या : पुढे बुटावर एक हलकी घडी पडावी, मागे कापड टाचेच्या वरच्या कडेला टेकावं. चपलेवर दिलेलं माप बुटावर हमखास आखूड पडतं.

रेडीमेड घेणार असाल तर खांदा आणि कॉलर बघून घ्या, कारण या दोन गोष्टी नंतर धड दुरुस्त होत नाहीत. बाहीची लांबी, पोटाचा घेर, पँटची उंची कुठलाही शिंपी कमी करून देतो. कंबर मात्र आत माया (शिवणीतलं जादा कापड) सोडलेली असेल तरच वाढते, तेव्हा दुकानातच पँट उलटी करून मागची शिवण बघा. शिवून घेणार असाल तर ५८ इंच पन्ह्याचं कापड शर्टाला साधारण १.६० मीटर आणि पँटला १.२० ते १.३० मीटर पुरतं. अंगाने थोराड असाल तर शिंप्याला विचारून घ्या. शर्टाचं कापड सुती असेल तर शिवायला टाकण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा आणि मग द्या. नाहीतर पहिल्या धुण्यातच कॉलर आवळते.

ट्रायलला फक्त आरशासमोर उभे राहू नका. खुर्चीत बसा, हात पुढे करा, फाइल उचलल्यासारखं करा. बसल्यावर पोटावरच्या दोन बटणांमध्ये फट पडत असेल तर घेर कमी आहे. मुलाखतीत तुम्ही सगळा वेळ बसलेलेच असणार. आणि पांढऱ्या शर्टाखाली पांढरा बनियन उठून दिसतो, फिका राखाडी किंवा अंगाच्या रंगाजवळचा दिसत नाही.

बार्शी-पुणे एसटीत हे कपडे घालून बसू नका. इस्त्रीचा शर्ट पिशवीत सगळ्यात वर ठेवा आणि पुण्यात उतरल्यावर बदला.

प्रश्न : आय.टी.आय. वेल्डर आहे. चाकणला एका कारखान्यात तोंडी मुलाखत आणि प्रत्यक्ष टेस्ट एकाच दिवशी आहे. फॉर्मल घालू की कामाचे कपडे? (राजगुरुनगर)

कामाचे, पण धुतलेले आणि इस्त्री केलेले. दुकानात फॉर्मल म्हणून मिळणारी पँट बहुतेक वेळा पॉलिस्टर-व्हिस्कोसची असते. तिच्यावर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं. टेस्ट घेणारा सुपरवायझर तुमचा बीड (वेल्डिंगच्या जोडाची रेघ) बघायच्या आधी तुमची पँट बघतो, आणि त्याचं बरोबर आहे.

कापड सुती आहे का, याची खात्री घरीच करता येते. आतल्या शिवणीतून दोन-तीन धागे ओढा, चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटावर काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचाच वास येतो आणि राख बोटात भुरभुरते. पॉलिस्टर आखडतो, प्लास्टिकसारखा वास येतो आणि टोकाला कडक मणी तयार होतो. दोन्ही झालं तर कापड मिश्र आहे, टेस्टला नको. जाड, न ताणणारी जीन्स चालते.

बाकी बाह्या पूर्ण खाली, कफाचं बटण लावलेलं, वरच्या खिशात मोबाईल, लायटर, काही नाही. पँटची मोहरी बाहेरून दुमडू नका, त्या दुमडीत ठिणग्या साठतात. पँट बुटाच्या वरून सोडा, आत खोचू नका. जाळीचे स्पोर्ट शूज घरी ठेवा. सेफ्टी शूज नवीन घेणार असाल तर त्यावर आयएस १५२९८ हा क्रमांक आहे का ते बघा. अंगठी, कडं, साखळी काढूनच निघा.

टर्नर किंवा फिटरच्या मित्राला हे जसंच्या तसं सांगू नका. लेथवर उलटा नियम आहे : बाह्या अर्ध्या किंवा कोपराच्या वर घट्ट दुमडलेल्या, शर्ट खोचलेला, हातमोजे अजिबात नाहीत. फिरत्या चकमध्ये (लेथवर काम पकडून फिरवणारा भाग) सैल कापड किंवा हातमोजा अडकला की तो हातालाही आत ओढतो.

प्रश्न : शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखत आणि डेमो तास आहे. साडी की पंजाबी ड्रेस? स्कूटीने जायचं आहे. (सांगली)

दोन्ही चालतं. राज्य शासनाने मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पेहरावाबद्दल ज्या सूचना काढल्या, त्यांत शिक्षिकांसाठी साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता, दुपट्टा असंच म्हटलं आहे. जीन्स, टी-शर्ट, गडद रंग आणि नक्षीकाम नको म्हटलं आहे. तरी त्या शाळेत काय रिवाज आहे ते शाळा सुटताना फाटकाशी पाच मिनिटं उभं राहून बघा. सगळ्या बाई साडीत दिसल्या तर साडीच नेसा.

साडीची खरी परीक्षा फळ्यावर होते. ब्लाउज घालून हात डोक्याच्या वर नेऊन बघा. ब्लाउज वर सरकत असेल तर मुंढा (बाही जोडतात तो काखेचा भाग) खोल कापला गेला आहे, ती साडी दुसऱ्या ब्लाउजवर नेसा. आधी चप्पल घाला, मग निऱ्या घाला, म्हणजे काठ जमिनीपासून अर्धा इंच वर राहतो. सहा-सात निऱ्या, प्रत्येक साधारण चार बोटं रुंद, आणि खोचल्यावर कमरेखाली चार बोटांवर आतल्या बाजूने एक पिन. पदराच्या निऱ्या करून खांद्यावर पिन लावताना ती ब्लाउजच्या शिवणीत घ्या. साडी रेशमी असेल तर पिनेत आधी एक छोटा मणी ओवा, म्हणजे पिनेच्या गोल टोकात धागे अडकून साडी फाटत नाही.

खळ दिलेली सुती साडी स्कूटीवर दहा मिनिटांत चुरगळते, त्यामुळे मऊ सुती किंवा कॉटन-सिल्क बरी. पदर आणि ओढणी, दोन्ही कमरेला खोचूनच गाडी सुरू करा. बांगड्या एक-दोनच ठेवा. लिहिताना किणकिण झाली की मागच्या बाकांना हसायला कारण मिळतं. आणि काळी किंवा गडद निळी साडी नको, खडूची बोटं त्यावर लगेच उमटतात.

प्रश्न : मुलाखत लॅपटॉपवर आहे. वर शर्ट आणि खाली बर्म्युडा चालेल ना? (नागपूर)

चार्जर निघेपर्यंत चालेल. उठावं लागलं तर काय, हा विचार करून पँट घाला.

शर्ट एकरंगी घ्या. बारीक रेघा किंवा बारीक चौकडी कॅमेऱ्यात लाटांसारखी थरथरते. झक्क पांढरा शर्टही टाळा. कॅमेरा उजेड आपोआप कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. भिंतीच्या रंगाचा शर्ट घालून कॉलच्या अॅपमधून मागची पार्श्वभूमी बदललीत तर खांदा मधूनच गायब होतो. आदल्या दिवशी त्याच वेळेला, त्याच खिडकीकडे तोंड करून दहा सेकंदांचा व्हिडिओ काढून बघा. इअरफोनचा माइक साखळीला किंवा ओढणीला घासत असेल तर तेही त्यातच ऐकू येईल.

प्रश्न : जुलैत कल्याणहून अंधेरीला जायचं आहे. बूट भिजले तर? (कल्याण)

पायात रबरी चप्पल, बूट आणि कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत, इमारतीत शिरल्यावर बदला. पँट काळी किंवा गडद निळी घ्या, फिक्या रंगावर ओला डाग लांबून दिसतो. बूट नवे असतील तर आधी आठवडाभर घरात जाड मोजे घालून रोज अर्धा तास चाला, नाहीतर दादर येईपर्यंत टाचेला फोड येईल.

परतताना भिजलेच तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासा-दोन तासांनी बदला आणि पंख्याखाली ठेवा. गॅसशेजारी किंवा उन्हात ठेवलेत तर कातडं कडक होऊन चिरतं आणि सोलचा गोंद सुटतो. पॉलिश पूर्ण वाळल्यावरच.