पाण्याखालच्या गुहेत हवा असते, पण ती श्वासाला चालते का?

तुमचा प्रश्न असा आहे: सबनॉटिकासारख्या गेममध्ये खोल समुद्रातल्या गुहेत शिरलं की मध्येच हवा लागते, डोकं पाण्याबाहेर काढून श्वास घेता येतो. खऱ्या समुद्रात असं असतं का? आणि असलंच तर माणूस तिथे किती वेळ तग धरेल?

असतं. पण गेममध्ये हवा दिसली की सुटलो, असं असतं. खऱ्या गुहेत हवा दिसली की कटकट तिथूनच सुरू होते.

मी पाणबुड्या वगैरे नाही. समुद्र दोनदा पाहिलाय, दोन्ही वेळा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. राहतो वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात, पोहायला शिकलो विहिरीत. गेम माहीत आहे तो भाच्यामुळे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आला की लाइन जाईपर्यंत खेळत बसतो. त्यानेही मला हेच विचारलं होतं, "मामा, एवढ्या खाली हवा कुठून आली?" त्याला बोलून सांगितलं नाही. बादलीत पाणी घेतलं, स्टीलच्या पेल्याच्या बुडाशी कागदाचा बोळा कोंबला आणि पेला उपडा करून सरळ खाली दाबला. बाहेर काढला तर कागद कोरडा. हवेला वर जायला वाट नाही, म्हणून ती जागा सोडत नाही. गुहेचं छत म्हणजे तो पेला.

लहानपणी आम्ही हेच विहिरीत केलंय, पण डोक्यासकट. श्रावणात पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत आलं की पत्र्याची बादली उपडी धरायची, दोघांनी कडेला लोंबकळून ती खाली ओढायची आणि तिसऱ्याने आत डोकं घालायचं. पंधरा लिटरची बादली पंधरा किलोच्या जोराने वर उसळते, म्हणून दोघे लागायचे. आत सगळं हिरवट, गंजाचा वास, आणि आपलाच श्वास कानात भात्यासारखा वाजायचा. शंभर मोजेपर्यंत कुणी टिकलेलं आठवत नाही. त्याआधीच छातीत धडधड व्हायची. पोरांना वाटायचं, हवा संपली.

हवा संपलेली नसायची. ऑक्सिजन बराच शिल्लक असतो, वाढलेला असतो तो आपणच सोडलेला कार्बन डायऑक्साइड. मोकळ्या हवेत तो 0.04 टक्के असतो. 5 टक्क्यांवर गेला की डोकं ठणकतं, धाप लागते, भलतंसलतं दिसू-ऐकू येऊ शकतं. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण 200 मिलिलिटर सोडतो, म्हणजे पंधरा लिटरच्या बादलीत तीन-चार मिनिटांत 5 टक्के. पाण्यात हातपाय मारणाऱ्या पोराला तेवढाही वेळ लागत नाही.

आता हाच हिशेब मोठ्या जागेला लावा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच पोकळी म्हणजे साधारण 28,000 लिटर हवा. सुरुवातीला ती अगदी ताजी होती असं धरलं, तर एकटा माणूस शांत पडून राहिल्यास 5 टक्क्यांपर्यंत जायला जवळपास पाच दिवस लागतील. कागदावर बरं वाटतं. ‘सुरुवातीला ताजी’ हीच खरी गोम आहे.

हे आम्हा विहीरवाल्यांना वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या शेजारच्या वावरातली एक विहीर बरीच वर्षं पडीक होती. मे महिन्यात गाळ काढायचं ठरलं. गडी उतरायच्या आधी आबाजींनी दोराला कंदील बांधून खाली सोडला. अर्ध्यापर्यंत नीट गेला, मग ज्योत बारीक झाली, निळसर झाली आणि फू न करता विझली. वर ओढला, पेटवला, पुन्हा सोडला, त्याच जागी पुन्हा विझला. आबाजी एवढंच म्हणाले, "दिवा इझला त उतरू नोको, बाप्पा." मग निंबाची मोठी डहाळी दोराला बांधून तासभर वरखाली घुसळत बसलो, तेव्हा कुठे कंदील तळाशी जळता राहिला. ही विहीर वरून उघडी होती, आत ऊन पडत होतं, तरी हवा मेलेली. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड असतो आणि वारा लागला नाही तर तळाला बसून राहतो. (कंदील जळतोय म्हणजे सगळं ठीक, असंही धरू नका. विहिरीत इंजिन उतरवून चालवलं असेल तर त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड कंदिलाला कळत नाही, माणसाला मारतो.)

म्हणूनच 2017 साली स्पेनच्या मायोर्का बेटावर घडलेली गोष्ट मला आमच्याच शिवारातली वाटली. शिस्को ग्रासिया हा शिक्षक पाण्याने भरलेल्या गुहांचे नकाशे करायचा. गढूळ पाण्यात वाटेची दोरी हरवली, दोघांत मिळून एकालाच पुरेल एवढी हवा टाक्यांत उरली, म्हणून सोबत्याला बाहेर पाठवून हा गुहेतल्या हवेच्या दालनात थांबला. जवळपास 60 तास अंधारात. दालन चांगलं 80 मीटर लांब होतं, वरच्या थराचं पाणी पिण्याजोगं गोड होतं. तरीही डोकं दुखायला लागलं, नसलेले दिवे दिसायला लागले, कारण तिथल्या हवेत 5 टक्के कार्बन डायऑक्साइड होता. एवढ्या मोठ्या दालनात तो एकट्या माणसाच्या श्वासाने होणारच नाही. 60 तासांत तो फार तर सातशे-आठशे लिटर सोडेल, दालनात तर लाखो लिटर हवा. म्हणजे हवा आधीपासूनच तशी होती. चुनखडीच्या गुहांत हे होतं. वरच्या मातीतला, मुळांमधला वायू पाण्याबरोबर झिरपत खाली येतो आणि कोंडून राहतो.

अशा गुहा तयार कशा होतात, तेही सांगतो. हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता. तेव्हाच्या कोरड्या गुहांची तोंडं समुद्र वर आल्यावर बुडाली, पण ज्या आत चढत गेल्या होत्या त्यांची वरची दालनं कोरडी राहिली. फ्रान्समध्ये मार्सेयजवळ कोस्के गुहा आहे. तोंड पाण्याखाली 37 मीटरवर, तिथून 175 मीटर लांब चढता बोगदा, आणि वर हवेचं दालन. आँरी कोस्के या पाणबुड्याला ती 1985 मध्ये सापडली. आत भिंतींवर हजारो वर्षांपूर्वीचे हातांचे ठसे, घोडे आणि चक्क समुद्रपक्षी. चितारणारे चालत आत गेले होते, आता तिथे बुडी मारून जावं लागतं. आपल्या काळ्या दगडात असल्या गुहा विरळाच. चुनखडी बघायला वणी-कोरपन्याकडे जावं लागेल, आणि तिचं तर सिमेंट होतंय.

आता खोलीचं बघू, कारण गेम सगळ्यात जास्त थाप तिथेच मारतो. दर 10 मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने, म्हणजे जमिनीवरच्या हवेच्या दाबाएवढा, वाढतो. कोंडलेली हवाही तेवढीच दाबली जाते, 10 मीटरवर निम्मी, 20 मीटरवर एक-तृतीयांश. 200 मीटरवर हवेची पोकळी असलीच तर तिच्यातला दाब वरच्या 21 पट. तिथे नुसता श्वास घेणंही जिवावर बेतेल, कारण साधी हवा 65-70 मीटरच्या पुढे ऑक्सिजनमुळेच विषारी व्हायला लागते, झटके येतात. ऑक्सिजन कमी पडून नाही, जास्त झाल्यामुळे. भाच्याचा यावर अजून विश्वास नाही.

गेमचं श्रेय गेमला. सुरुवातीला टाकीशिवाय 45 सेकंद देतो, ते न शिकलेल्या माणसाला बरोबर वाटतात. पाण्याखालच्या घराला खालून उघडं भोक, म्हणजे मूनपूल, दिलाय, तोही खराच, आमची बादलीच ती. फ्लोरिडाजवळ समुद्रात सुमारे 19 मीटरवर अक्वेरियस नावाचं राहतं संशोधन केंद्र आहे, त्यालाही असंच खालून दार आहे. फरक एवढाच, की तिथे काही दिवस राहिलेल्यांना वर येण्याआधी साधारण 17 तास हळूहळू दाब उतरवत बसावं लागतं, नाहीतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांसारखा बाहेर येतो. नायजेरियाच्या किनाऱ्याजवळ 2013 मध्ये उलटलेल्या बोटीतला आचारी, हॅरिसन ओकेने नावाचा, सुमारे 30 मीटर खोल हवेच्या छोट्या पोकळीत 60 तासांच्या आसपास जगला. पाणबुड्यांनी सोडवल्यावरही त्याला थेट घरी नेलं नाही, आधी दाबाच्या बंद खोलीत ठेवलं. गेममधला तुमचा गडी मात्र 200 मीटरवरून सुसाट वर येतो आणि लगेच मासा भाजायला घेतो.

म्हणून एक विनंती. आमचा बादलीचा खेळ करू नका, पोरांनाही करू देऊ नका. खाली दाबलेली हवा छातीत भरून श्वास रोखत वर आलं, तर ती फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. त्याला दीड-दोन मीटर खोलीसुद्धा पुरते. आम्ही दर वेळी ओरडत वर यायचो, तोंड उघडं असायचं, म्हणून वाचलो असू. तेव्हा कुणाला माहीत होतं!