धरणावरचं तरंगतं सोलर, आवर्तन आणि शेततळं

प्रश्न (जामदा कालव्यावरचे शेतकरी, ता. चाळीसगाव): गिरणा धरणावर तरंगते सोलर पॅनल बसवले तर आमचं आवर्तन (पाळीनुसार कालव्याला सुटणारं पाणी) कमी होईल का? आणि माझ्या ३० बाय ३० मीटरच्या शेततळ्यात पंपाचे पॅनल तरंगते ठेवले तर पाणी उडायचं थांबेल का?

उत्तर: भाऊ, आवर्तनाची काळजी नको. या विजेला पाणी लागत नाही, पॅनल धुवायला लागेल तेवढंच. उलट झाकलेल्या भागाचं बाष्पीभवन घटतं. मे महिन्यात आपल्याकडे दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडतं असं धरा, म्हणजे हेक्टरी एक लाख लिटर. तेलंगणात रामगुंडमला एनटीपीसीचा १०० मेगावॉटचा असा प्रकल्प २०२२ पासून पूर्ण चालू आहे. त्याने सुमारे ५०० एकर पाणी व्यापलंय. जमिनीवर केला असता तर जवळपास तेवढीच जमीन गेली असती. आपल्या शेजारी नर्मदेवर ओंकारेश्वरलाही असं काम झालंय.

गिरणेची अडचण वेगळीच. उपयुक्त साठा साडेअठरा टीएमसी असला तरी दुष्काळी वर्षी धरण तळ गाठतं. काठ किती आत सरकतो, ते गाळपेर करणाऱ्यांना, म्हणजे पाणी ओसरलेल्या गाळाच्या जमिनीत पेरणाऱ्यांना, विचारा. पॅनलखालचे प्लास्टिकचे तरंगते ठोकळे असमान चिखलावर टेकले की सांधे ताणतात, केबल ओढली जाते. म्हणून कायम पाणी राहणारा खोल भागच निवडावा लागतो आणि पातळीप्रमाणे ढिले-घट्ट होणारे दोर लागतात. उन्हाळ्यात मासेही त्याच डोहात गोळा होतात, तेव्हा मच्छीमार सोसायटीला आधी विचारलंच पाहिजे. तापीवरच्या हतनूर धरणाबाबत मी जास्तच सावध राहीन: गाळ भरपूर, आणि पुरात दरवाजे उघडले की तापीची ओढ काय असते ते रावेर-भुसावळकडच्यांना सांगायला नको.

आता तुमचं शेततळं. ५ एचपी पंपाला साधारण ४८०० वॉटचे, म्हणजे मोठे नऊ पॅनल लागतात. ते झाकणार जेमतेम २३-२४ चौरस मीटर आणि तळ्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर. बचत तीन टक्केसुद्धा नाही. त्यासाठी ओल्या जागी वायरिंगचा धोका कशाला? शिवाय खुंट्या-तारांनी अस्तराचा कागद फाटला तर उडतं त्याहून जास्त पाणी जमिनीत मुरेल. पॅनल बांधापासून थोडे दूर, सावली येणार नाही अशा जागी जमिनीवरच बसवा. बाष्पीभवनासाठी तळ्यावर शेडनेट ताणा.

पंप अजून घेतला नसेल तर ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत महावितरणकडे अर्ज करा. सर्वसाधारण गटाला १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. अडीच ते पाच एकरांना ५ एचपी मिळतो. शेततळ्याची नोंद सातबाऱ्यावर आहे का, ते अर्जाआधी तलाठ्याकडे पाहून घ्या.