बर्फाच्या भीतीने गाडी विकायची का?

प्रश्न : आम्ही दोघे कॅनडात ओटावाला भाड्याच्या कॉन्डोत राहतो. माझ्याकडे २०२२ची टोयोटा जीआर ८६ आहे. मॅन्युअल गिअर, ताकद मागच्या चाकांना, टायर कंपनीचेच १८ इंची. कर्ज फिटले आहे. आतापर्यंत हिवाळ्यात ती बेसमेंटमध्ये उभी ठेवून मी बसने जायचो. आता आठवड्यातून तीन दिवस ऑफिस सक्तीचे झाले असून अंतर १६ किलोमीटर आहे. मित्र म्हणतात, बर्फात रिअर-व्हील चालवणे म्हणजे जिवाशी खेळ, विकून टाक. डीलर हिचे २७,००० डॉलर देतो आणि ४२,०००ची ऑल-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद देणारी) एसयूव्ही ६.५ टक्के व्याजाने ७२ हप्त्यांत द्यायला तयार आहे. दुसरा विचार हिवाळ्यापुरती जुनी गाडी घेण्याचा आहे. पहिल्या घरासाठी बचत चालू आहे. दोनेक वर्षांत मूल व्हावे अशी इच्छा आहे. काय करू?

उत्तर : याच गाडीवर हिवाळा काढा. तिला चार चांगले हिवाळी टायर घाला आणि एसयूव्हीचा विषय तूर्त बाजूला ठेवा.

मित्रांची काळजी खरी आहे, पण बोट चुकीच्या जागी ठेवले आहे. तुमच्या गाडीचे १८ इंची टायर उन्हाळी आहेत. तापमान सात अंशांच्या खाली गेले की हे रबर कडक होऊन पकड सोडू लागते. कडाक्याच्या थंडीत त्यावर गाडी नुसती हलवली तरी तडे जाऊ शकतात. अशा टायरवर कुठलीही गाडी घसरेल. ऑल-व्हील-ड्राइव्हचा फायदा गाडी जागची हलवायला आणि चढ चढायला होतो. थांबताना मात्र ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना लागतो आणि पकड फक्त रबराची असते. म्हणजे एसयूव्ही घेतलीत तरी हिवाळी टायर तिलाही घ्यावेच लागतील, आणि तिचे मोठे टायर बहुधा महागच पडतील. तुमच्या दारापासून नदी ओलांडली की क्वेबेकमध्ये तिथे नोंदलेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत, ऑल-व्हील असो वा नसो. तुमच्या ओंटारिओ प्रांतात सक्ती नाही, एवढाच फरक.

आता आकडे पाहू. ट्रेड-इन केल्यास, म्हणजे जुनी गाडी डीलरलाच देऊन नवी घेतल्यास, १३ टक्के कर फक्त फरकावर लागतो. ४२,०००मधून २७,००० वजा जाता १५,००० उरतात, त्यावर कर १,९५०. म्हणजे १६,९५० डॉलरचे कर्ज, हप्ता सुमारे २८५ आणि सहा वर्षांत व्याज साडेतीन हजारांवर. शिवाय नव्या गाडीची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांत जोरात उतरते. तुमच्या गाडीची ती घसरण होऊन गेली आहे.

दुसऱ्या बाजूला, १८ऐवजी लहान १७ इंची रिमवर २१५/४५ मापाचे चार हिवाळी टायर, प्रेशर सेन्सर आणि फिटिंग धरून १,६०० ते २,००० डॉलर धरा. टायरच्या कडेवर डोंगर आणि त्यात हिमकणाचे चिन्ह असलेच पाहिजे; नुसत्या 'एम+एस' (चिखल आणि बर्फ) अक्षरांवर घेऊ नका. वर्षातून दोनदा अदलाबदल आणि उरलेले टायर दुकानात ठेवण्याचे भाडे मिळून दोनेकशे डॉलर जातील. असा संच चार-पाच हिवाळे सहज टिकतो, आणि त्या महिन्यांत उन्हाळी टायर झिजत नाहीत. ओंटारिओत २०१६पासून विमा कंपन्यांना हिवाळी टायरसाठी सवलत देणे बंधनकारक आहे. ती आपोआप मिळेलच असे नाही, फोन करून मागून घ्या.

विम्याची आणखी एक बाजू फार थोड्यांना ठाऊक असते. ओंटारिओत अपघातात चूक कुणाची हे ठरवताना हवामान आणि रस्त्याची अवस्था विचारात घेतली जात नाही. बर्फावरून घसरून पुढच्या गाडीला मागून धडकलात तर 'रस्ताच निसरडा होता' हे उत्तर चालत नाही, चूक तुमची धरली जाते. अशी एक नोंद पुढे अनेक वर्षे हप्ता वाढवत राहते. त्यामुळे टायरमध्ये स्वस्त शोधू नका. इथे दोनशे डॉलर जास्त गेले तरी मला चालेल.

हिवाळ्यापुरत्या जुन्या गाडीचे गणित मला पटत नाही. खरेदीवर कर, वर्षभराचा दुसरा विमा, कॉन्डोत दुसऱ्या पार्किंगचे भाडे आणि जुन्या गाडीची दुरुस्ती, हे सगळे आठवड्यातल्या तीन फेऱ्यांसाठी. रस्त्यावर उभी करावी म्हटले तर मोठ्या बर्फाच्या रात्री नगरपालिका रस्त्यावरच्या पार्किंगवर बंदी घालते.

तुमच्या गाडीची खरी मर्यादा तिची उंची आहे. पोटाखाली जेमतेम १३ सेंटिमीटर जागा. रात्रीत वीस सेंटिमीटर बर्फ पडला आणि गल्ली साफ झाली नाही, तर गाडी पोटावर टेकते, मग टायर कितीही चांगले असोत. त्या दिवशी घरून काम करा किंवा बसने जा. असे दिवस हिवाळ्यात मोजकेच येतात. तेवढ्यासाठी सहा वर्षांचा हप्ता लावून घेऊ नका.

चालवताना निसरड्यावर दुसऱ्या गिअरमध्ये, हलक्या पायाने गाडी उचला. ४१७ महामार्गावरून उतरताना रॅम्पच्या वळणात एकदम खालचा गिअर टाकून क्लच सोडू नका. तो झटका फक्त मागच्या चाकांना बसतो, आणि शेपूट तिथेच सुटते. चाके जागीच फिरू न देणारे ट्रॅक्शन कंट्रोल चालूच ठेवा. बेसमेंट गरम असेल तर गाडीला चिकटलेला मिठाचा चिखल तिथे वितळून गंज वाढवतो. म्हणून दरवर्षी हिवाळ्याआधी गंजरोधक तेलाचा फवारा मारून घ्या आणि पारा शून्याच्या वर गेला की खालून धुऊन घ्या. विकायची वेळ येईल तेव्हा ही काळजी किमतीत दिसेल.

आता मुलाविषयी, कारण तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ मला तीच वाटली. दोन दारांच्या गाडीत मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट लावणे फार अवघड आहे, आणि लावली तरी पुढच्या सीटवर कुणी नीट बसू शकत नाही. तेव्हा गाडी नक्की बदला, मनात कसलीही खंत न ठेवता. हिवाळी टायरचा संचही तेव्हा विकता येतो. कदाचित तेव्हा तुम्हाला ४२,०००ची एसयूव्ही नको असेल, तीन वर्षे वापरलेली साधी चार दारांची गाडी पुरेल.

तोवर तो २८५ डॉलरचा हप्ता भरतो आहोत असे समजून बाजूला टाका. पहिले काही महिने टायरची किंमत फेडण्यात जातील. त्यानंतर रक्कम थेट पहिल्या घराच्या बचत खात्यात, एफएचएसएमध्ये जाऊ द्या. त्यात वर्षाला ८,००० आणि एकूण ४०,००० डॉलर भरता येतात, भरलेली रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते आणि पहिल्या घरासाठी काढली तर करमुक्त असते. पत्नी पात्र असल्यास त्यांचे खाते वेगळे उघडा. तुमचे स्वतःचे अजून नसेल तर ते याच वर्षी उघडा, कारण भरण्याची मर्यादा खाते उघडल्यापासूनच साठू लागते.

टायरची ऑर्डर सप्टेंबरअखेर द्या. पहिला बर्फ पडला की ओटावातल्या दुकानांत रांगा लागतात आणि या मापाचे टायर पटकन मिळत नाहीत.