गाभा मर आणि निंबोळी अर्क

प्रश्न : भाताची लावणी होऊन महिना झाला. काही चुडांतली (रोपांच्या झुबक्यांतली) मधली सुरळी सुकली आहे, ओढली की सहज हातात येते. आजोबा शेतात निरगुडीचा पाला टाकत. रासायनिक औषध मारायचं नाही. निंबोळी अर्काने काम होईल का? (एक शेतकरी ताई, दापोली परिसर)

ताई, ही खोडकिड्याची गाभा मर आहे. अळी खोडाच्या आत शिरलेली असते, तिथवर कोणताच अर्क पोचत नाही. सुकलेला गाभा पुन्हा हिरवा होणार नाही. तो फुटवा तळापासून उपटून नष्ट करा, नुसती सुरळी ओढलीत तर अळी खोडातच राहते.

अर्क उपयोगी पडतो तो किड्याच्या पुढच्या पिढीसाठी. पानांच्या शेंड्याकडे तपकिरी केसांनी झाकलेले अंड्यांचे पुंजके दिसतात का पाहा. दिसले तर पान खुडून घ्या. अंडी आठवडाभरात फुटतात आणि बारीक अळ्या लगेच खोड शोधू लागतात. फवारणी व्हायला हवी ती याच दिवसांत. कडुलिंबातल्या अझाडिरॅक्टिनमुळे अळी खाणं सोडते, तिची कात नीट पडत नाही. ती फवारल्या फवारल्या मरत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन निराश होऊ नका.

वीस गुंठ्यांना 100 लिटर द्रावण लागेल. सावलीत वाळवलेल्या 5 किलो निंबोळ्या भरडून 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा. 200 ग्रॅम साबणाचा चुरा वेगळा विरघळवून त्यात मिसळा आणि पाणी घालून 100 लिटर करा. भाताच्या पानावर पाणी ठरत नाही, त्यामुळे साबण टाळू नका. अर्क त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, पावसाची उघडीप पाहून मारा. उन्हाने त्याचा जोर जातो, पावसाने तो धुऊन जातो. निंबोळ्या त्याच वर्षीच्या घ्या, बुरशी आलेल्या अजिबात नकोत. आपल्याकडे कडुलिंब कमी, तेव्हा घाटावरच्या नातेवाइकांना उन्हाळ्याच्या शेवटीच सांगून ठेवलेलं बरं.

आजोबांच्या निरगुडीला मी नावं ठेवणार नाही. तिच्या उग्र वासाचा उपयोग आपल्या बायका धान्याच्या कणगीत पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत. पण नुसता पाला चिखलात टाकून खोडकिडा आटोक्यात येईल, असा भरवसा मी देऊ शकत नाही.

करंजाबद्दल मात्र सांभाळा. त्याच्या बिया कुटून मासे मारायची जुनी रीत आहे. शेताचं पाणी वहाळात उतरत असेल तर तो अर्क तिथे नको. तंबाखूचा काढा तर कुठेच नको, निकोटिन कातडीतून अंगात भिनतं आणि फवारणाऱ्यालाच विषबाधा होते.

पुढच्या वर्षी लावणीआधी रोपांचे शेंडे खुडा, पुष्कळशी अंडी तिथेच जातील. यंदा कापणी अगदी जमिनीलगत करा आणि धसकटं नांगरून काढा, अळी उन्हाळा त्यांतच काढते. शंभरातले पाचाहून जास्त फुटवे सुकलेले आढळले तर थांबू नका, एक चूड घेऊन कृषी सहाय्यकांना दाखवा.