वज्रनेत्राला राग आणू नकोस

तुझी गोष्ट काल रात्री एका बैठकीत वाचली आणि सकाळी परत एकदा वाचली, म्हणून उत्तराला उशीर. पहिली दहा पानं मस्त जमलीयेत, खरंच. अकराव्या पानावर वज्रनेत्र, म्हणजे तुझं अंतराळातलं शस्त्र, अचानक "जागं होतं", माणसांवर भाषण ठोकतं आणि स्वतःच्याच मालकांवर उलटतं, तिथे माझा मूड गेला. म्हणजे कल्पना वाईट नाही, पण यंत्राला राग आला की लेखकाचं काम फारच सोपं होतं आणि ते वाचणाऱ्याला लगेच कळतं.

भस्मासुर आठव ना. शंकराने वर दिला की ज्याच्या डोक्यावर हात ठेवशील तो भस्म होईल, आणि तो वर शेवटपर्यंत दिल्याबरहुकूम चालला, त्यात कुठेच बिघाड नव्हता. "माझं डोकं सोडून" एवढे तीन शब्द म्हणायचे राहिले म्हणून देणाऱ्यावर पळायची वेळ आली, आणि नाचता नाचता हात स्वतःच्या डोक्यावर गेला तेव्हाही वराने भेदभाव केला नाही. तुझं शस्त्र असं हवं. आज्ञाधारक, अगदी शब्दाला शब्द.

आणि गंमत म्हणजे ते तू लिहून बसलायस, चौथ्या पानावर! जनरल घाईघाईत वज्रनेत्राला एक नियम घालतो की ७२ तास आपल्याच तळाकडून सिग्नल आला नाही तर तळ शत्रूच्या हातात गेला असं धरून तो उडवायचा. तू ते एका ओळीत टाकून पुढे निघून गेलास. अरे, तीच तर गोष्ट आहे. शत्रू वगैरे कोणी लागतच नाही, अँटेनाची दुरुस्ती लांबली, सुटीवर गेलेल्या माणसाकडेच पासवर्ड होता, काहीही चालेल, जितकं फालतू तितकं बरं.

फालतू म्हटलं म्हणून नाक मुरडू नकोस, प्रत्यक्षात असंच झालेलं आहे. १५ मे १९८७ ला सोव्हिएत युनियनने एनर्जिया रॉकेटवरून पोल्यूस नावाचं ऐंशी टनांच्या आसपासचं धूड सोडलं, लेझर शस्त्राच्या स्थानकाचा नमुना होता तो, खरा लेझर बसवलेला नव्हता. तांत्रिक कारणांसाठी ते रॉकेटवर उलटं बसवलेलं, म्हणून वर गेल्यावर त्याने अर्धी गिरकी घ्यायची आणि मग इंजिन पेटवून कक्षेत जायचं असं ठरलेलं. त्याने पूर्ण गिरकी घेतली. १८० च्या जागी ३६० अंश! इंजिन छान पेटलं पण तोंड चुकीच्या बाजूला, त्यामुळे वेग वाढायच्या ऐवजी कमी झाला आणि सगळं प्रशांत महासागरात. या प्रसंगात कोणाला राग आलाय सांग बरं मला.

आता तुझी एक मोठी चूक. वज्रनेत्र शत्रूच्या देशावर "ठाण मांडून बसलेलं" दाखवलंयस आणि उंची दिलीयस ४०० किलोमीटर. तिथे काही बसत नाही, ताशी साधारण २७,६०० किमी वेगाने पळावं लागतं, ९२-९३ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी. एक बॉल घे, त्याच्याभोवती रबरबँड तिरका धरून ठेव आणि आत बॉल हळूहळू फिरव, रबरबँड हलू द्यायचा नाही. प्रत्येक फेरीत खालची जमीन २३ अंश सरकते. दिवसभरात तो रबरबँड शत्रूवरून जातो तसा मालकावरूनही जातो, रोज, दोनदा. मी हे पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा माझ्या स्वतःच्या एका जुन्या कथेची लाज वाटली, त्यात मीही असंच ठाण मांडलं होतं. म्हणजे उलटायला शस्त्राला वळावंसुद्धा लागत नाही, ते आधीपासूनच डोक्यावरून जात असतं.

दुसरं, वज्रनेत्र ज्याने मारा करतं तो टंगस्टनचा (जड धातूचा) खांब वरून "सोडला" की तो पडत नाही. सोडलास तर तो शस्त्राच्या शेजारी शेजारी तरंगत राहील, कारण दोघांचा वेग एकच. त्याला मागे रेटून वेग कमी करावा लागतो, सेकंदाला शंभरेक मीटर रेटा दिला तर तो जवळपास अर्धी पृथ्वी पार करून खाली येतो. पाऊण तासाच्या आसपास धर. तू हे तीन सेकंदांत उरकलंयस!! आणि माझ्या मते तुझ्या गोष्टीतला सगळ्यात भारी भाग याच पाऊण तासात आहे. तळावरच्या ऑपरेटरला स्क्रीनवर दिसतंय की खांब निघाला, लक्ष्याचे आकडे तिच्याच खोलीचे आहेत, सिग्नल आता परत सुरू झालाय, वज्रनेत्र नम्रपणे विचारतंय पुढची आज्ञा काय, आणि खांबाला ना इंजिन ना कान. ती काय करते? खुर्ची सरकवते का, शेजारच्याला उठवते का, आधी जनरलला फोन लावते का? मला ते जवळून बघायचंय.

राजकारणाचा भाग चालून जाईल, त्यावर जास्त पानं घालवू नकोस. १९६७ च्या अंतराळ कराराने कक्षेत अण्वस्त्रं आणि सामूहिक संहाराची शस्त्रं ठेवायला बंदी आहे, नुसत्या धातूच्या खांबाबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही. तुझ्या जनरलचे वकील यावर खूश होतील, एक परिच्छेद पुरे.

आणि शेवटी सगळं जग जळतं ते काढ बाबा. आपलंच आपल्यावर येणं लहान असलं की जास्त लागतं. जुलै १९६२ मध्ये अमेरिकेने ४०० किमी उंचीवर अणुस्फोट केला, स्टारफिश प्राइम, त्याने हजारभर किलोमीटरपेक्षा दूर हवाईतले रस्त्यावरचे दिवे गेले, आणि दुसऱ्याच दिवशी सोडलेला त्यांचाच टेलस्टार उपग्रह त्या किरणोत्सारात सापडून काही महिन्यांत निकामी झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियाने स्वतःचाच एक जुना उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला तेव्हा अंतराळ स्थानकावरच्या सात जणांना परतीच्या यानांत जाऊन बसावं लागलं, त्यात दोघे रशियाचेच होते. त्या दोघांनी एकमेकांकडे कसं पाहिलं असेल, मी कितीदा तरी विचार केलाय.

भाषणाचं पान फाड, बाकीच्याला सध्या हात लावू नकोस. त्या ऑपरेटरचा पाऊण तास आधी लिही आणि तेवढाच पाठव, टायपिंगच्या चुका असल्या तरी चालतील.